मोर्तब

एकदा एका संस्थानात राज्य बदलले आणि रक्ताचा थेंबही सांडला नाही. संस्थान लहान होते, सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर पसरलेले, निम्मे घाटावर आणि निम्मे घाटाखाली. शेजारच्या मोठमोठ्या संस्थानांत त्या वर्षी दंगे झाले, कचेऱ्या जळाल्या. इथे मात्र एका सकाळी राजवाड्यावरचे जुने निशाण उतरले, नवे चढले, आणि दुपारचा बाजार नेहमीच्या वेळेला भरला. याचे श्रेय लोक एकाच माणसाला देत. त्यांना सगळे पंत म्हणत.

पंतांनी बावीस वर्षे राजाचा कारभार पाहिला होता. पुढे प्रजेने राज्य मागितले, तेव्हा राजाला पद सोडायला राजी केले तेही पंतांनीच. मग दोन वर्षे हंगामी सरकार त्यांनी चालवले. गावोगावच्या मतदारांच्या याद्या केल्या, राजाच्या नावाने चालणारे कायदे प्रजेच्या नावाने लिहून काढले, आणि जुन्या शिपायांच्या पोटाला धक्का न लावता त्यांच्या पगडीवरचे राजचिन्ह तेवढे उतरवले. निवडून आलेली सभा ज्या दिवशी पहिल्यांदा भरली, त्या दिवशी त्यांनी कचेरीच्या किल्ल्यांचा जुडगा आपला शिष्य नरहर याच्या हाती ठेवला आणि ते आपल्या गावी निघून गेले. सभेने नरहरला मुख्य कारभारी निवडले.

नरहर तेव्हा चाळिशीचा होता. विसाव्या वर्षी तो पंतांच्या ओसरीवर मसुदे लिहायला शिकला होता. पुढे प्रजेच्या चळवळीत शिरला, राजवाड्यासमोर घोषणा दिल्या आणि पकडला गेला. त्याला सहा दिवस कोठडीत ठेवण्याचा हुकूम पंतांचा होता, आणि सहाही दिवस दोन्ही वेळचा डबा आला तो पंतांच्या घरून. डब्यात एकदा चिठ्ठी होती : “घोषणेत ऱ्हस्वदीर्घ चुकले आहे.” तेव्हापासून नरहरला पंतांचा राग धरता आला नाही, आणि त्यांच्यावाचून कधी नीट पाऊलही टाकता आले नाही.

पंतांचे गाव राजधानीपासून टांग्याने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर होते. गावाच्या शिवेवर एक उंचवटा होता. हवा स्वच्छ असली की तिथून राजवाड्याचा घुमट दिसे. गावकऱ्यांनी पंतांची एक गोष्ट पाहून ठेवली होती. रोज सकाळी स्नान झाले की पंत दरबारी अंगरखा चढवीत, खांद्यावर उपरणे घेत, डोक्याला पगडी घालीत आणि राजधानीच्या रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसत. सूर्य कौलांवर आला की आत जाऊन सगळे उतरवून ठेवीत आणि परसातल्या भाजीला पाणी घालीत.

गाव म्हणे, “पंत बोलावण्याची वाट बघतात.”

पंतांच्या पत्नीला सगळे काकू म्हणत. शेजारणींनी छेडले की काकू म्हणत, “वर्षभर पगडी घालून बसतायत, आणि बोलावणी आली ती दोन. एक सत्यनारायणाचं, दुसरं बारशाचं.”

पण बोलावणे आले.

सभेत एक भांडण पेटले होते. संस्थानची न्यायकचेरी राजाच्या काळापासून घाटावर, राजधानीत होती. घाटाखालच्या माणसाला एका तारखेसाठी दोन दिवस घाट चढावा लागे. तारीख पुढे गेली की पुन्हा दोन दिवस. त्यांचे पुढारी दुलबाजी सभेत उभे राहून म्हणाले, “आमच्याकडची म्हातारी माणसं न्याय मिळण्याआधी घाटातच मरतात. कचेरी खाली आणा, नाहीतर आम्ही आमचं वेगळं बघतो.” घाटावरचे म्हणाले, कचेरी गेली की राजधानीची अब्रू गेली. नरहर घाटावरचा. कचेरी हलवावी तर आपली माणसे तुटणार. ठेवावी तर संस्थानचे दोन तुकडे होणार. तीन महिने त्याने काहीच केले नाही. मग एका बैठकीत कोणीतरी पंतांचे नाव काढले आणि एकमेकांच्या पाण्यालाही न शिवणारे एकोणीस सभासद त्या एका नावावर एक झाले. पंतांनी यावे, कारभार हाती घ्यावा, ते देतील तो निर्णय आम्हाला मान्य.

तो कागद नरहरने स्वतः लिहिला. एकोणीस सह्या झाल्या. कागद घेऊन तो टांग्यात बसला तेव्हा त्याला तीन महिन्यांत पहिल्यांदा भूक लागली.

पंत ओट्यावरच होते, पगडीसकट. त्यांनी कागद एकदा वाचला, मग उजेडाकडे धरून पुन्हा वाचला, मग तिसऱ्यांदा.

“अक्षर सुधारलंय तुझं,” ते म्हणाले.

“पंत, सोमवारी सभा भरवतोय. तुमच्यासाठी.”

“दुलबाजीनं सही केली?”

“सगळ्यात आधी.”

पंतांनी डोळे मिटले. मग आत वळून म्हणाले, “अगं, ती लहान पेटी आण.”

काकू दारात आल्या, पण पेटी आणायला हलल्या नाहीत. “ती?” त्यांनी विचारले.

“तीच.”

पेटी आली. तिच्यात शाईची गादी होती आणि सुपारीएवढा एक पितळी शिक्का. पंतांनी तो शाईवर टेकवला, फुंकर घातली आणि एकोणिसाव्या सहीच्या अगदी लगत, बोटभरही जागा न सोडता, कागदाच्या तळाशी दाबून उमटवला. कागद नरहरच्या हाती देऊन म्हणाले, “जेवून जा.”

नरहर कुठला जेवायला थांबतो! त्याने वाकून पायांवर डोके ठेवले, काकूंना लांबूनच हात जोडले आणि टांगेवाल्याला हाका मारीत सुटला. वाटेत भेटेल त्याला सांगत गेला, “शिक्कामोर्तब झालं! पंत येतायत!”

सोमवारी राजधानीने वेशीवर कमान उभारली. राजा गेल्यापासून बंद पडलेला चौघडा झाडूनपुसून बाहेर काढला, त्याचे जुने वाजवणारे शोधून आणले. एकोणीस सभासद धुतल्या कपड्यांत वेशीवर उभे राहिले. सूर्य डोक्यावर आला. कमानीची पाने सुकली. चौघडेवाल्यांनी तिसऱ्यांदा विचारले, “वाजवायचं का?” दुपार कलली आणि दुलबाजी नरहरजवळ येऊन म्हणाले, “काय कारभारी, वऱ्हाड जमलं, वाजंत्री आली. नवरदेव कुठाय?”

लोक हसले. ते हसणे नरहरच्या कानात फार दिवस राहिले.

“आठ दिवस देतो,” जाताना दुलबाजी म्हणाले. आता ते थट्टा करीत नव्हते. “आठ दिवसांत कचेरीचा निकाल लागला नाही, तर खालचे आम्ही सात जण पुन्हा घाट चढणार नाही.”

दुसऱ्या दिवशी नरहर पंतांच्या ओट्यासमोर उभा होता. धुळीने माखलेला, रात्रभर न झोपलेला.

“पंत, तुम्ही माझी शोभा केलीत.”

“बैस.”

“बसायला नाही आलो. सगळ्या संस्थानासमोर—”

“आधी तोंड धुऊन घे,” काकू पाण्याचा तांब्या पुढे करीत म्हणाल्या. “भांडण काय, पळून जात नाही. मागच्या खेपेला उपाशी गेलास, त्याचं काय झालं ते बघतोच आहेस.”

नरहरने तोंड धुतले. पाण्याने डोळेही धुतले गेले हे बरे झाले. मग तो पंतांसमोर पायरीवर बसला, वीस वर्षांपूर्वी बसायचा त्याच जागी.

“मी कागदावर काय उमटवलं?” पंतांनी विचारले.

“शिक्कामोर्तब केलंत!”

“कागद आहे?”

होता. छातीजवळच्या खिशात होता. नरहरने तो उलगडला.

“शिक्का दाखव.”

नरहरने तळाकडे बोट नेले.

“ते मोर्तब झालं. शिक्का कुठाय? माथ्याला बघ.”

माथा कोरा होता.

“आता मोर्तबावर काय लिहिलंय ते वाच.”

चार दिवस तो कागद उराशी बाळगून फिरलेल्या नरहरने ती पाच अक्षरे पहिल्यांदा वाचली. शाई थोडी पसरली होती, तरी अक्षरे स्वच्छ होती. लेखनसीमा.

“पहिल्या वर्षी तुला काय शिकवलं होतं?”

नरहरचा आवाज खाली आला. तो पाठ म्हणावा तसे म्हणाला, “शिक्का माथ्याला, मोर्तब पायाला. शिक्का सांगतो हुकूम कुणाचा. मोर्तब सांगतं, हुकूम इथं संपला. त्याच्याखाली कुणी एक अक्षर लिहायचं नाही. लिहिलं तर ते खोटं.”

“लोकांनी दोन शब्द एकत्र बांधले. बांधता बांधता ‘मान्य’ एवढाच अर्थ हाती राहिला, ‘संपलं’ हा अर्थ गळून पडला. लोकांचं सोड. तुम्ही लोकांनी तर मोर्तबाची चालच बंद केलीत. राजाच्या काळातली खूण म्हणून. आता वर एक रबरी शिक्का आणि खाली सही, की झालं सरकार. पण तू माझ्या ओसरीवर शिकलास, नरहर. मला वाटलं, तू वाचशील.”

“मग तोंडानं का नाही सांगितलंत?” नरहर उसळून म्हणाला. “‘येत नाही’ एवढे दोन शब्द! कमान तरी उभारली नसती मी!”

पंतांनी आपल्या हातांकडे पाहिले.

“जीभ उचलली असती तर ती ‘हो’ म्हणाली असती,” ते म्हणाले. “म्हणून हाताला काम दिलं. तुला नीट सांगायला हवं होतं, ही माझी चूक. तेवढं बळ त्या दिवशी नव्हतं.”

नरहरला हे खरे वाटले नाही. त्याच्या चेहऱ्यावर ते दिसले असावे, कारण काकू दाराच्या चौकटीला टेकून म्हणाल्या, “सोमवारची गोष्ट सांगू का याला?”

“नको,” पंत म्हणाले.

“सांगतेच. सोमवारी पहाटे उठले. अंगरखा, उपरणं, पगडी, सगळं. मग स्वतःचे जोडे हातात घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, हे कोठीत टाक आणि कुलूप लाव. किल्ली कनवटीला ठेव. मी मागितले तरी देऊ नकोस.”

“मग?” नरहरने विचारले.

“मग मागितले.” काकूंनी कनवटीला हात लावला. “दोनदा.”

परसात कुठेतरी कोंबडी कलकलत होती. नरहरने पंतांच्या पायांकडे पाहिले. पाय अनवाणी होते. टाचांना भेगा पडल्या होत्या. जोडे अजून कोठीतच होते.

“एवढं वाटतं?” त्याने हळूच विचारले.

“वाटतं,” पंत म्हणाले. “सकाळी चौघडा वाजायची वेळ झाली की जाग येते. चौघडा कधीच बंद पडलाय, इथवर ऐकूही येणार नाही, तरी येते. सदरेवर नुकत्याच टाकलेल्या बैठकीचा वास येतो. लोक कागद घेऊन रांगेत उभे असतात आणि प्रत्येकाला वाटत असतं, आपलं काम पंत करतील. ते वाटणं मला फार आवडायचं, नरहर. मी ते सोडलं. त्यानं मला सोडलेलं नाही.”

“मग गाव म्हणतं ते खरं. तुम्ही रोज बोलावण्याची वाट बघता.”

“खोटं कशाला बोलू? बघतच होतो. पण आणखी एक करत होतो. बोलावणं आलं तर उठायचं नाही, याचा सराव. साध्या धोतरावर बसून न उठणं सोपं आहे. पगडी घालून, रस्त्याकडे तोंड करून बसायचं आणि उठायचं नाही, याला सराव लागतो. वर्षभर केला. तरी ऐनवेळी जोडे कुलपात घालावे लागले.”

नरहरचा राग ओसरला होता, पण त्याच्या जागी भीती आली होती. “आणि आठ दिवसांनी खालचे फुटले तर?” तो म्हणाला. “तुमच्या या मोर्तबापायी संस्थान मोडलं तर?”

“मोडेलही.”

“पंत!”

“मोडणार नाही असं वचन मी कुठून देऊ? पण मी आलो तरी ते सांधणार नाही. माझ्या मरणापर्यंत नुसतं थांबेल. मला बहात्तरावं चालू आहे. तेवढ्यासाठी कमान उभारायची असेल तर उभार.” मग त्यांनी अंगरख्याच्या खिशातून ते पितळी मोर्तब काढले, उपरण्याच्या टोकाने पुसले आणि तळहातावर ठेवून नरहरसमोर धरले. “हे कुणाचं, माहीत आहे?”

“कचेरीचं.”

“महाराजांचं. त्यांच्या पदत्यागाचा कागद मी लिहिला. वाचून झाल्यावर त्यांनी माथ्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘पंत, शिक्का इथंच ना?’ मी म्हणालो, ‘महाराज, आज शिक्का नाही. फक्त मोर्तब.’ बावीस वर्षं रोज सकाळी ते मला म्हणत, ‘पंत, बसा.’ मी कधी बसलो नाही, आणि ते म्हणायचे कधी चुकले नाहीत. त्या दिवशी म्हणाले नाहीत. मी उभाच राहिलो. त्यांनी मोर्तब स्वतःच्या हातानं उमटवलं, पुसलं आणि माझ्या हातात दिलं. म्हणाले, ‘राहू द्या तुमच्यापाशी. तुमच्यावरही वेळ येईल.’”

पंतांनी मोर्तब मुठीत मिटले.

“मला वाटलं, शाप दिला. पुढं ते नर्मदेकाठी गेले, तिकडंच वारले. मी दोन पत्रं पाठवली होती. उत्तर आलं नाही. मी त्यांना थांबा म्हणालो, ते राज्यासाठी की माझ्यासाठी? कारण ते थांबले आणि त्यांच्या गादीपेक्षा माझी बैठक उंच झाली, हे सगळ्यांनी पाहिलं. लोक म्हणाले, पंत थोर. पण महाराजांना काय वाटलं असेल? ते राज्यासाठी होतं, हे मला सिद्ध करता येत नव्हतं. त्यांच्यापाशी नाही, माझ्यापाशीही नाही. ज्याला थांबायला सांगितलं तो थांबला. सांगणारा थांबतो की नाही, त्यावरून कळतं सांगणं खरं होतं की नाही. मग तू कागद घेऊन आलास. एकोणीस सह्या, दुलबाजीची पहिली. एवढं मोठं बोलावणं महाराजांनाही कधी आलं नव्हतं. तेव्हा कळलं, तो शाप नव्हता. त्यांनी मला पुरावा द्यायची एक संधी देऊन ठेवली होती.”

त्या दिवशी नरहर जेवला. काकूंनी आग्रह केला नाही, तरी दोनदा भात घेतला. निघताना त्याने पंतांना कचेरीबद्दल एक अक्षर विचारले नाही. टांग्यात बसल्यावर त्याच्या लक्षात आले की विचारायचे सुचलेच नव्हते.

राजधानीत पोचून तो तीन दिवस कागदापाशी बसला. पाच मसुदे फाडले. शनिवारी सभा बोलावली आणि हुकूम वाचून दाखवला : न्यायकचेरी येत्या पाडव्यापासून घाटाखाली जाईल, तीन वर्षांपुरती. तीन वर्षे पूर्ण होतील त्या दिवशी ती कुठे असावी हे सभा पुन्हा ठरवील. आणि त्याच दिवशी मुख्य कारभारीही आपले पद सभेपुढे ठेवील व पुन्हा मागणार नाही.

घाटावरचे ओरडले. दोघे उठून गेले, त्यातला एक नरहरचा सख्खा चुलतभाऊ होता. तो पुढे त्याच्या घरच्या लग्नालाही आला नाही. पण उरलेले बसून राहिले, कारण ‘कायमची गेली’ असे कोणाला म्हणता येईना. दुलबाजींनी हुकूम हातात घेऊन वरून खालपर्यंत पाहिला.

“कचेरीबरोबर स्वतःलाही मुदत घालून घेतलीत?”

“हो.”

“आणि हे खाली काय लिहिलंय हातानं?”

“लेखनसीमा. जुनी चाल आहे. याच्याखाली कुणी काही वाढवायचं नाही. मीसुद्धा.”

दुलबाजींनी कागद परत केला. “तीन वर्षांनी बघू,” ते म्हणाले, आणि मग थोडे हसून, “पण बरं झालं. मुदत असलेला माणूस जरा कमी खोटं बोलतो.”

सात जण घाट उतरून गेले, आणि पुढच्या सभेला घाट चढून आले.

हुकमाची नक्कल घेऊन नरहर गावी गेला तेव्हा पंत ओट्यावर होते. पगडी होती. त्यांनी नक्कल वाचली, चुलतभावाचे विचारले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “सीमेतली ‘सी’ दीर्घ काढलीस. बरं केलंस.” मग काकूंना न सांगता स्वतःच आत गेले आणि लहान पेटी घेऊन आले. पेटी त्यांनी नरहरच्या मांडीवर ठेवली.

“पंत, हे तुमच्यापाशी—”

“माझं काम झालं याचं. आता तुझ्यावर वेळ येईल.”

नरहरने पेटी उपरण्यात गुंडाळली. निघताना तो म्हणाला, “येतो.” पंत म्हणाले, “थांब, शिवेपर्यंत येतो मीही.” हे ऐकून काकूंनी त्यांच्याकडे पाहिले. मग कनवटीची किल्ली काढली, कोठीचे कुलूप उघडले आणि जोडे आणून त्यांच्या पायांपाशी ठेवले. त्यांच्यावर पीठ साचले होते. काकूंनी ते पदराने पुसले.

टांगा सावकाश चालला आणि दोघे त्याच्या मागून चालले. बोलले फार थोडे. परसातल्या दुधीला कीड लागली होती, त्याबद्दल पंतांनी सांगितले. शिवेच्या दगडापाशी आल्यावर ते थांबले. नरहर टांग्यात चढला.

वळणावर त्याने मागे पाहिले. त्या दिवशी हवा स्वच्छ होती. दूरवर राजवाड्याचा घुमट दिसत होता. पंत दगडाला हात टेकून त्या घुमटाकडे पाहत उभे होते. बराच वेळ उभे राहिले. त्यांचा उजवा पाय किंचित पुढे आला, असे नरहरला वाटले. अंतर फार होते, खात्रीने सांगता येणार नाही. मग त्यांनी पगडी उतरवून काखेत घेतली, आणि ते घराकडे वळले.

नरहरने मांडीवरच्या पेटीवर हात ठेवला. तीन वर्षे पुष्कळ आहेत असे त्याला सकाळपर्यंत वाटत होते. आता ती थोडी वाटली, आणि आश्चर्य म्हणजे, पुरेशीही.

ज्याला हवेसेच वाटत नाही त्याच्या थांबण्याचे कौतुक करू नये. हवेसे वाटत असताना जो शिवेच्या दगडापाशी थांबतो, त्याच्या मागून येणाऱ्याला वाट मोकळी मिळते.